पडवीत ऐकणारी बाई

पवनारच्या नत्थूजींनी कोणाकोणावर संशय घेतला नाही, याची यादी करायला बसलं तर ती तळहातावर मावेल. लाइट गेली की ते आधी रस्त्यावर येऊन शेजाऱ्यांचीही गेली का ते बघायचे, आणि गेली असेल तरच घरात येऊन निवांत घाम पुसायचे. लग्नाची पत्रिका आली की "आपल्याले काऊन देल्ली असन" म्हणत तिची मागची बाजू वाचायचे. मोबाइलवर 'आज पाऊस' असं दिसलं की मुद्दाम त्याच दिवशी अंगणात वाळवण घालायला लावायचे, म्हणजे खोटं बोलणारा उघडा पडावा. वाळवण दोनदा भिजलं. त्यावर नत्थूजींचं मत असं पडलं, की पावसालाही कोणीतरी पढवून ठेवलेलं आहे.

या सगळ्यातून एक मनकर्णाबाई तेवढ्या सुटल्या होत्या. अडतीस वर्षांचा संसार. बाई उठते, राबते, वाढते, झोपते. संशय घ्यावा असं त्यात काय होतं?

दोघांचं धाम नदीच्या काठी दोन एकर. सांबार, पालक, मेथी, मुळे. सांबार म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. तिकडच्या पाव्हण्यांनी इडलीबरोबर मागू नये. दुपारी शेतातला कापलेला पाला घरामागच्या टिनाच्या पडवीत ओतायचा, मनकर्णाबाईंनी केळीच्या वाळल्या सोपटाच्या दोरीनं त्याच्या जुड्या बांधायच्या, आणि सकाळच्या पहिल्या ऑटोनं नत्थूजींनी त्या वर्ध्याच्या बाजारात नेऊन बसायचं, असा रिवाज. जुडी बांधायची ती बारीक, हा नत्थूजींचा कायदा. घासाघीस करण्यात मात्र त्यांचा हात धरणारा बाजारात नव्हता. युक्ती एकच होती. भाव सांगून झाला की गप्प बसायचं. गिऱ्हाईक कुरकुरेल, दोन पावलं जाईल, परत येईल. नत्थूजी आपले आभाळाकडे पाहत बसलेले. जो आधी बोलला तो गेला.

आता शेजारच्या भैय्याजींची सून उज्वला. वर्ध्याच्या एका खाजगी कॉलेजच्या ऑफिसात ती अकरा वर्षं होती. पोरं फी भरायला म्हणून खिडकीशी यायची आणि घरचं रडगाणं सांगून जायची, म्हणून तिच्याच खिडकीशी रांग मोठी. पुढे कॉलेजनं सगळं कॉम्प्युटरवर नेलं आणि खिडकीच बंद केली. उज्वला घरी आली आणि फोनवरून कोचिंगचा कोर्स शिकू लागली. कोचिंग म्हणताच भैय्याजींनी अंगणात बसायला दोन सतरंज्या काढल्या. शिकवणीला पोरं येतील, अशी त्यांची समजूत. तिनं समजावलं, की हे गणित-इंग्रजीचं नाही, मोठ्या माणसांचं आहे. एखादं माणूस कशात तरी अडकलेलं असतं. त्याच्यासोबत बसायचं, मन लावून ऐकायचं, नेमकं विचारायचं, आणि त्याची वाट त्याची त्याला दिसेपर्यंत दम धरायचा. सल्ला द्यायचा नाही.

"सल्ला नाई द्यायचा," भैय्याजी म्हणाले, "तं लोक येतीन कायले?"

प्रश्न रास्त होता. पुढे वर्षभर अख्ख्या गावानं तोच विचारला.

सर्टिफिकेट मिळवायचं तर आधी लोकांसोबत बसल्याचे शंभर तास भरायला हवे होते. म्हणून उज्वलानं गावात सांगितलं, की कोणाला काही बोलायचं असेल तर या, तासभर ऐकेन, फुकट. झालं. पवनारात फुकट बोलणारी माणसं पोत्यानं मिळतात, पण फुकट ऐकणारं माणूस आजवर कोणी पाहिलं नव्हतं. कोणी म्हणालं विम्याचं आहे. कोणी म्हणालं साबणाची साखळी आहे, आधी ऐकेल आणि मग वडी विकेल. बसथांब्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या रूपरावानं छातीठोकपणे सांगितलं, की हा सरकारी सर्वे आहे, घरात किती जण रडतात त्याचा. नत्थूजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि आपला निकाल दिला. "ऐकणारा माणूस फुकट नाई ऐकत. तो साठवते."

पहिली आली बचत गटाची जयवंता. तिचं जावेशी बिनसलं होतं. उज्वला नवीन होती, जीभ आवरली नाही. दहा मिनिटांतच म्हणाली, "मी तुह्या जागी असती तं तोंडावर स्पष्ट बोलली असती." जयवंता घरी जाऊन इतकं स्पष्ट बोलली, की दोन घरांत मिळून असलेल्या अंगणात आठवड्याच्या आत भिंत उभी राहिली आणि नळ जावेच्या बाजूला गेला. त्यानंतर जयवंता रिकामी बादली घेऊन भैय्याजींच्या दारात उभी. तिथून जे बोलली ते धामच्या पुलापर्यंत ऐकू गेलं. उज्वलाच्या कोर्सच्या बाई फोनवर म्हणाल्या, आता कळलं ना, आपला सल्ला आपल्या मापाचा शिवलेला असतो. उज्वलानं जयवंताची माफी मागितली, दोन महिने तिला आपल्या नळाचं पाणी दिलं, आणि त्या दिवसापासून "मी तुह्या जागी" हे शब्द जिभेवरून कायमचे उतरवले.

भैय्याजींच्या घरात टीव्हीसमोर कोण मन मोकळं करणार? म्हणून तिनं मनकर्णाबाईंकडे दुपारची पडवी मागितली. नत्थूजींनी आठ दिवस विचार केला. पडवीत चोरण्यासारखं काय आहे ते दोनदा जाऊन बघून आले. सांबाराशिवाय काही नव्हतं. हो म्हणाले. उज्वलानं बांबूच्या तट्ट्याचं एक दार लावून घेतलं, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक पंखा आणला.

आणि काहीच झालं नाही. लोक खुर्चीत डॉक्टरपुढं बसावं तसे ताठ बसायचे, "सगळं बरं हाय" म्हणायचे आणि उठून जायचे. मग एके दिवशी सेलूकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. जबर बाई, आवाजानं वर्ग हलवणारी. पण वीस मिनिटं गेली तरी तोंडातून शब्द निघेना. बाजूला सांबाराचा ढीग पडलेला. बाईंनी उगाच चार काड्या उचलल्या, आणखी चार उचलल्या, दोरी गुंडाळली, गाठ मारली. दुसरी जुडी घेतली आणि बोलायला लागल्या. तास संपेस्तोवर बाई मोकळ्या झाल्या होत्या आणि मनकर्णाबाईंच्या चाळीस जुड्या बांधून झाल्या होत्या.

उज्वलाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हाताला काम असलं की डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, आणि तोंडाला वाट मिळते. खुर्च्या गेल्या, पोती अंथरली गेली. येणारा ढिगाच्या एका बाजूला, उज्वला दुसऱ्या बाजूला, मध्ये सांबार. सुरुवातीला ती विचारायची, आज इथून उठताना काय घेऊन जायचं आहे? मग ऐकायची. माणूस थांबला की ती दोन जुड्या मुकाट बांधायची, आणि हळूच म्हणायची, "आणखी?" बहुतेकांचं खरं दुखणं त्या 'आणखी'नंतर बाहेर पडायचं. एक पोरगा महिनाभर झोपलाच नव्हता. त्याचं ऐकून ती म्हणाली, हे माझ्या कामातलं नाही, आणि स्वतः सोबत जाऊन त्याला दवाखान्यात दाखवून आली.

शंभर तास भरले, सर्टिफिकेट आलं, फुकटचे दिवस संपले, तरी माणसं येत राहिली. पाटी नाही, जाहिरात नाही. एकानं दुसऱ्याच्या कानात सांगायचं, एवढंच. नत्थूजींचा मुलगा कैलास हिंगणघाटला एका जिनिंगच्या ऑफिसात होता. त्याच्याकडून ऐकून तिथल्या मालकानं आपले दोन सुपरवायझर पाठवले, आणि वर विचारलं, ते काय बोलतात तेवढं मला कळवा. उज्वला म्हणाली, तुम्ही पाठवलं, तुम्ही पैसे देता, सगळं मान्य. पण ते बोलतील ते त्यांचं. मालक बिघडला. दोन्ही माणसं परत बोलावून घेतली. रूपरावानं टपरीवर जाहीर केलं, की बाईला धंदा समजत नाही. तीन महिन्यांनी त्याच मालकानं पाच माणसं पाठवली. इथलं तिथं जात नाही हे एकदा कळल्यावर खुद्द मालकालाच येऊन बसायचं होतं, आणि तो सहावा होता.

नत्थूजींना यातलं काहीच पटत नव्हतं. लोक पैसे देऊन आपल्या जुड्या बांधून देतात, असं जगात कुठं असतं का? फुकटचा मजूर मिळाला म्हणून दुसरा कोणी हसला असता. नत्थूजींची मात्र झोप पातळ झाली.

अशात दिवाळी आली आणि कैलास घरी आला. फराळ झाला आणि त्यानं विषय काढला. शेत ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या खंडानं, कोणाला देऊन टाका आणि दोघंही हिंगणघाटला चला. घर मोठं आहे, तुमच्या सुनेला, रूपालीलाही नोकरी लागली आहे. नत्थूजींनी लाडू खाली न ठेवताच नाही म्हटलं. कैलास म्हणाला, "तुमी नाई तं नाई. आई तरी येईन." मनकर्णाबाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. चिवड्याचा डबा घट्ट लावून आत गेल्या.

आणि पुढच्याच मंगळवारी दुपारी तट्ट्याचं दार लागलं. आत उज्वला आणि मनकर्णाबाई. तासभर.

नत्थूजी जिथं होते तिथंच उभे राहिले. इतके दिवस सुटे सुटे असलेले सगळे धागे एका क्षणात एकत्र आले. कैलास हिंगणघाटचा. उज्वलाची मोठी गिऱ्हाइकं हिंगणघाटची. ती मिळवून दिली कैलासनं. आता उपकार फेडायची पाळी तिची. पोरानं उज्वलाला लावलं आहे, आणि ती त्याच्या आईचं मन वळवून राहिली आहे. आईला नेलं की बाप काय एकटा भाकरी थापत बसणार आहे? चार महिन्यांत शेत ठोक्यानं देऊन मागं येईल. साधं गणित होतं. नत्थूजींना स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

त्यांनी तपास सुरू केला. दर मंगळवारी फवारणीचा पंप दुरुस्त करायला ते नेमके तट्ट्याला पाठ लावून बसू लागले. पंप बिघडलेला नव्हता, तो चौथ्या मंगळवारी बिघडला. आतून "आणखी?" एवढंच ऐकू यायचं. एकदा मनकर्णाबाई हसल्या. मोठ्यानं. हे हसू नत्थूजींनी घरात कधी ऐकलं नव्हतं. हे तिनं ठेवलं होतं कुठं, या विचारात त्यांच्या हातून पंपाचा वायसर हरवला.

मग त्यांनी जुड्या वाचायला घेतल्या. यात त्यांचा हातखंडा होता. जुडी पाहून ते सांगायचे की बांधणारा रागात होता, घाईत होता की झोपेत होता. मनकर्णाबाईंची जुडी त्यांनी उचलून दोनदा हातात तोलली. जुडी जाड होती. पहिल्यापेक्षा दीडपट. उज्वलाकडे येणाऱ्या लोकांच्या जुड्याही उकलून मनकर्णाबाई पुन्हा जाड बांधत होत्या. नत्थूजींनी अर्थ लावला. ज्याचं दुकानावरचं मन उडतं तो माल वाटून टाकतो. गाव सोडून निघालेल्या माणसाचा हात आधी सैल होतो. बाई गेल्यातच जमा आहे, फक्त पिशवी भरायची राहिली आहे.

रूपरावाला त्यांनी हळूच विचारलं, की मनकर्णाबाई हिंगणघाटच्या बसची वेळ वगैरे विचारायला आली होती का. रूपरावानं असा माल कधी वाया जाऊ दिला नव्हता. म्हणाला, "आलती असं नाई म्हणत मी. पण नाई आली असं बी नाई म्हणत." आणि त्या दिवशी नत्थूजींनी तीन चहा जास्तीचे प्यायले.

बायकोला विचारलं, त्या पडवीत तुम्ही काय बोलता? त्या म्हणाल्या, "बोलणं." उज्वलाला विचारलं, कैलासचा तुला फोन येतो की नाही ते सांग. ती म्हणाली, "कोण काय बोललं ते मी सांगत नाई, काकाजी. तुमी बसले असते तं तुमचं बी नसतं सांगतलं."

हे शेवटचं वाक्य नत्थूजींनी उचललं. तुमचंही. ठीक आहे. चोराच्या घरात गिऱ्हाईक होऊन शिरायचं. एका गुरुवारी दुपारी धुतलेला सदरा घालून ते तट्ट्याच्या दारात हजर झाले. मलाही बसायचं आहे म्हणाले.

उज्वला दचकली असेल तरी दिसू दिलं नाही. एकदाच बसू, म्हणाली. मी काकूंसोबत बसते हे तुम्हाला माहीत आहे, एका घरातल्या दोघांसोबत बसणं मला बरं वाटत नाही. पुढे लागलं तर नागपूरला हेच काम करणाऱ्या एका ओळखीच्या भाऊंचा नंबर देईन. मग तिनं नेहमीसारखं विचारलं, आज इथून उठताना काय घेऊन जायचं आहे?

"इथून काय घेऊन जाऊ?" नत्थूजी म्हणाले. "इथं सगळं माह्यंच हाय."

ती हसली आणि सांबार निवडू लागली. नत्थूजींनी घोटून आणलेली गोष्ट सुरू केली. रोहणा गावात त्यांच्या ओळखीचा एक माणूस आहे. त्याला असा डाउट आहे, की कोणीतरी त्याच्या बायकोला फितवून पोराकडे पाठवायचं चालवलं आहे. एवढं बोलून त्यांनी बारीक डोळे करून तिच्या तोंडाकडे पाहिलं, की कुठं रंग उडतो का.

रंग जागेवर होता. "मंग?" ती म्हणाली.

"मंग काय? तेवढंच."

आणि दोघं गप्प झाले. नत्थूजींना मनातून हसू आलं. बाई माझ्याशी गप्प बसायला निघाली? हिच्या जन्माच्या आधीपासून मी गप्प बसून राहिलो आहे. त्यांनी एक जुडी बांधली, बारीक, नेमकी, आणि टिनाकडे बघत राहिले. तिनं एक बांधली. पंखा कटकट करत फिरत होता. पाच जुड्या झाल्या. सात झाल्या. बाजारात गिऱ्हाईक तिसऱ्या मिनिटाला तोंड उघडतं. पण त्याला घरी जायची घाई असते. इथं समोर बसलेलीला कसलीच घाई नव्हती. ती कंटाळलीही नव्हती, हे फार वाईट. तिला खरंच ऐकायचं आहे असं वाटत होतं, आणि असल्या माणसापुढं गप्प बसायची नत्थूजींना सवय नव्हती. अकराव्या जुडीला त्यांचं तोंड त्यांना न विचारताच बोललं.

"तो माणूस साऱ्या गावावर डाउट घेते. बायकोवर पह्यलंदा आला."

उज्वलानं मान हलवली. आणखी एक जुडी झाली.

"रोहण्याचा नाई तो," नत्थूजी म्हणाले.

"बरं."

जरा वेळानं तिनं विचारलं, "तिच्या मनात काय हाय हे कळावं म्हणून त्या माणसानं काय काय करून पाह्यलं?"

हा प्रश्न नत्थूजींना मनापासून आवडला. इतकी मेहनत केली होती, आजवर कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी बोटावर मोजून सांगायला घेतलं. तट्ट्याला कान लावला. पंप खोलला. "आणखी?" जुड्या तपासल्या. रूपरावाकडे चौकशी केली. "आणखी?" तिच्या पिशवीत बसचं तिकीट आहे का ते बघितलं, कैलासच्या फोनच्या वेळा ध्यानात ठेवल्या, भैय्याजींच्या नातीला चॉकलेट देऊन विचारलं. "आणखी?" नत्थूजींनी आठवं बोट धरलं, तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

सगळं करून झालं होतं. एक राहिलं होतं.

ते उठले. सदऱ्याला चिकटलेला पाला झटकला. "हे चालाखी हाय तुह्यी," म्हणाले.

"काय चालाखी, काकाजी?"

"तेच तं समजून नाई राह्यलं मले."

आणि दार तसंच उघडं टाकून निघून गेले.

संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला कैलासचा फोन आला. त्याचा आवाज चढलेला होता. त्या उज्वलावहिनीचा काही उपयोग नाही, म्हणाला. तीनदा फोन करून सांगितलं, की आईला जरा वळव. तर म्हणते, तुझी आई माझ्याकडे आली तर विषय ती ठरवेल, तू नाही, आणि यापुढे या कामासाठी फोन करू नको. आता बाबा, तुम्हीच सांगा आईला.

नत्थूजींनी फोन ठेवला. पोरावरचा संशय खरा निघाला म्हणून छाती फुगवावी, की उज्वलावरचा खोटा निघाला म्हणून मान खाली घालावी, हे त्यांना ठरवता येईना. आणि मुख्य भानगड तशीच होती. पोरानं वळवायला सांगितलं, बाईनं वळवलं नाही, मग मनकर्णाबाई दर मंगळवारी तासभर करते काय? आता कोणावर संशय घ्यावा असं मधलं माणूसच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पडवीत गेले. मनकर्णाबाई एकट्या बसल्या होत्या. नत्थूजी समोरच्या पोत्यावर टेकले.

"कैलासची माय," ते म्हणाले, "तू जाऊन राह्यली का हिंगणघाटले?"

मनकर्णाबाईंनी हातातली गाठ पुरी केली. "जाइन म्हटलं तं?"

बाजारात असतं तर नत्थूजींनी इथं आभाळाकडे पाहिलं असतं. पडवीत टिन होतं. "नको जाऊ," ते म्हणाले. आणि आपणच ऐकून थोडे दचकले.

बाईंनी ढिगावरची एक जुडी उचलून त्यांच्यापुढं धरली. "हे दीड महिन्यापासून मी जाड बांधून राह्यली. तुमाले दिसली?"

"दिसली."

"मंग बोलले काऊन नाई?"

"मले वाटलं, तुह्यं मन उडालं इथून."

मनकर्णाबाई हसल्या. तेच तट्ट्याआडचं हसू, आता समोर. "पह्यले रोज पोतंभर पाला कोमेजून वापस यायचा, अन् तुमी म्हणायचे गिऱ्हाईक बदमाश झालं. आता दीड महिन्यात किती आला वापस?"

नत्थूजी आठवू लागले. नव्हता आला. नऊ वाजता पोतं झटकून ते रिकामे व्हायचे. हा आपल्या बोलण्यातला गोडवा वाढला असावा, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

मग बाईंनी सगळं सांगितलं, एकेक काडी निवडावी तसं. हिंगणघाटचा विषय उज्वलापुढं एकदाच निघाला. ती म्हणाली, तिथं जाऊन काय मिळेल काकू? तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, की चार माणसांत बसायला मिळेल. मग म्हणाली, ते आणखी कुठं कुठं मिळेल? तेव्हा कळलं, की मला पोराकडे जायचंच नव्हतं, या पडवीतून उठायचं होतं. मला बाजारात बसायचं आहे. जुडीचं माप माझ्या मनानं ठरवायचं आहे. आधी ते न विचारता करून बघावं म्हटलं, जमलं तर मग तोंड उघडावं. जमलं.

"पह्यले काऊन नाई सांगतलं?" नत्थूजी म्हणाले.

"सांगतलं होतं. कैलास दहावीत होता तवा. तुमी म्हटलं, बजारात सारे चोर, बाईमाणसाले फसवते." बाईंनी पुढची जुडी घेतली. "सोमवारपासून मी जाइन बजारात. तुमी जुड्या बांधजा. कैलासकडं जाइन चार दिवस पाव्हणी म्हणून, अन् वापस येइन. हे पटत नसन तं मंग मले हिंगणघाटच बरं."

नत्थूजींनी घासाघीस करायचा प्रयत्न केला. तू आठवड्यातून तीन दिवस जा, म्हणाले. बाई काही बोलल्या नाहीत. चार दिवस, म्हणाले. बाईंनी काडी निवडली. शेवटी रविवार तेवढा त्यांच्या वाट्याला आला.

सोमवारी पहिल्या ऑटोत पोती चढवून मनकर्णाबाई ड्रायव्हरच्या बाजूला बसून गेल्या. नत्थूजी पडवीत जुड्या बांधत बसले. दुपारी उज्वलाकडे येणारी माणसं त्यांना नमस्कार करू लागली, त्यांनाही काहीतरी समजतं अशा थाटात. त्यांनी आठ दिवस कसेबसे काढले. पण संशयी माणसाला घरी बसवून ठेवणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. ती कोणाशी बोलत असेल? तिला कोण काय सांगत असेल? ती हसत असेल का? नवव्या दिवशी सकाळी त्यांनी बस धरली आणि वर्ध्याच्या बाजारात केळीच्या गाड्याआड जाऊन उभे राहिले.

मनकर्णाबाई छत्रीखाली बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर मागं गेलेला. आजूबाजूच्या भाजीवाल्या त्यांना नावानं हाक मारत होत्या, आणि त्या उलट उत्तर देत होत्या. एकीनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, तशी चार जणी एकदम खिदळल्या. नत्थूजी पुढं सरकले, आणखी थोडे सरकले, आणि गाडा संपला.

बाईंनी मान वर केली. त्या चकित झाल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "आले का?" म्हणाल्या. "बरं झालं. बसा इथं. आमी चहा पिऊन येतो."

आणि पोतं त्यांच्या हवाली करून त्या चौघींबरोबर निघाल्यासुद्धा. कुठल्या टपरीवर, कोणाबरोबर, कशावर हसत, ते बघावं म्हणून नत्थूजींनी टाचा उंचावल्या. तेवढ्यात समोर एक नवंच गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि विचारू लागलं, इथं रोज बसतात त्या बाई कुठं गेल्या, आणि तुम्ही कोण?